शाळेमागच्या चिंचेपासून: गावात निसर्गनोंदी सुरू करणाऱ्यांसाठी

"मॅडम, आम्हाला पण पोरांना घेऊन पक्ष्या-झाडांच्या नोंदी करायच्यात. कुठून सुरू करू?" दिवाळीनंतर असे चार-पाच फोन आले. कुणी नव्यानं रुजू झालेले गुरुजी, कुणी कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघणारे प्राध्यापक, एक तर गणेश मंडळाचा अध्यक्ष. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथं सलग लिहून काढते. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावात शिकवते. त्यामुळं उदाहरणं आमच्याकडचीच येतील.

या कामाला नागरिक विज्ञान म्हणतात. ज्यांचा पेशा विज्ञान नाही अशा माणसांनी ठरलेल्या रीतीनं निरीक्षण करायचं, लिहून ठेवायचं आणि अभ्यासकांना वापरता येईल अशा जागी ते जमा करायचं. यातून काय उभं राहतं ते बघा. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर बेतलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. आपल्याकडं विजेच्या तारेवर बसणारा चास, म्हणजे नीलपंख, कमी होत चाललाय हे त्यातून आकड्यांनिशी पुढं आलं. पण त्या नोंदींच्या नकाशावर पुण्या-मुंबईकडचा भाग दाट भरलेला दिसतो आणि मराठवाडा विरळ. पक्षी आपल्याकडंही आहेत, लिहिणारे हात कमी आहेत.

सहलीनं सुरुवात करू नका

माझी सुरुवात सहलीनं झाली आणि ती फसली. सत्तर मुलं, दोन गाड्या, साठ किलोमीटरवरचा तलाव, पुढं बॅनर, नाश्त्याला पोहे. पोचायला साडेदहा वाजले. पाणी उन्हात चकाकत होतं, बदकं पार मध्यावर आणि आमच्याकडं दुर्बीण एक. रांगेतल्या प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद आले. परतताना मागच्या सीटवरून एका पोरानं विचारलं, "मॅडम, आपण काय बघितलं?" मला काही सांगता आलं नाही.

मुलांना नाथसागरावर जरूर न्या. जायकवाडीचा तो परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं पट्टकदंब किंवा रोहित बघितलेलं मूल ते कधी विसरत नाही. पण ही सहल वर्षाच्या शेवटी काढा, मुलांचा डोळा तयार झाल्यावर.

आधी शाळेपासून दहा मिनिटांत पायी पोचता येईल अशी एक जागा धरा. आमच्या तीन आहेत: शाळेमागची चिंच, ओढ्याकाठची पाणंद आणि गावाबाहेरचं गायरान. तुमच्याकडं पाझर तलाव असेल, देवराई असेल, नाहीतर नुसता बांध असेल. लातूर-नांदेडसारख्या शहरात असाल तर शाळेचं मैदान पुरतं. जागा सुंदर असायची गरज नाही, दर आठवड्याला जाता आलं पाहिजे.

गायरानाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. आपल्याकडं माळ म्हणजे पडीक जमीन, आणि निसर्गाचं काम म्हटलं की लोक तिथं रोपांसाठी खड्डे घेतात. माळ ओकाबोका दिसतो, तरी तो रिकामा नसतो. चंडोल तिथंच जमिनीवर घरटं करतात, धाविक तिथंच पळतो, हिवाळ्यात भोवत्या त्याच गवतावरून खालून खालून उडत शिकार शोधतो, रात्री खोकड फिरतं. या जिवांना झाडी नको, मोकळं गवत हवं. तेव्हा माळावर रोपं लावण्याआधी वर्षभर तिथं काय राहतं ते मुलांना लिहू द्या. मग गावानं ठरवावं.

वेळेचं म्हणाल तर शनिवारी शाळा सकाळची असते, ती आपल्या कामाची. आम्ही साडेसातला निघतो, वीस मिनिटं बघतो, साडेआठला वर्गात असतो. तीच जागा, तीच वेळ. पहिले दोन महिने यात काही बदल करू नका. मुलं कंटाळतील, "परत तिथंच?" म्हणतील. पाचव्या-सहाव्या शनिवारी कुणीतरी म्हणतं, "मागच्या वेळी कोतवाल इथं नव्हता." तिथून खरी सुरुवात होते.

वही कशी ठेवायची

महागडी काही नको. शंभर पानी वही, पेन्सिल, दोरीनं गळ्यात अडकवलेला पुठ्ठा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, जागा, आभाळ कसं होतं, कोण कोण होतं. त्याखाली दोनच रकाने: नाव आणि संख्या.

पाच मुलांचा गट करा. दोघं बघतात, एक मोजतो, एक लिहितो, एक घड्याळ बघतो. दर शनिवारी कामं बदलायची. नाहीतर अक्षर चांगलं असलेली मुलगी वर्षभर नुसती लिहीतच राहते आणि तिला पक्षी दिसतच नाही. आमच्याकडं हे झालंय.

नाव माहीत नसलं तर अडू नका. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच आखूड की लांब? शेपूट हलवतोय का? जमिनीवर चालतोय की टुणटुण उड्या मारतोय? एवढं लिहिलं आणि शेजारी ओबडधोबड चित्र काढलं तरी पुढं ओळख पटते. आणि नाव पुस्तकात शोधण्याआधी घरी आजीला विचारायला सांगा. भारद्वाजाला कुणी सोनकावळा म्हणतं, कुणी कुंभारकावळा. ही नावं वहीच्या मागच्या पानावर, कुणी सांगितली त्यासकट लिहून ठेवा.

आमच्या वहीत "खूप" आणि "बरेच" या शब्दांना बंदी आहे. मोठा थवा मोजायची एक रीत शिकवून ठेवा. डिसेंबरात, ज्वारीत दाणा भरत आला की भोरड्यांचे थवे येतात. मध्य आशियाकडून येणारा हा पाहुणा, काळं डोकं, गुलाबी अंग. पळसाच्या फुलांवरही दिसतो म्हणून पळसमैना असंही नाव आहे. थवा वळला की आख्खं आभाळ वळल्यासारखं वाटतं. आधी नुसते दहा पक्षी मोजायचे आणि दहांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं. मग तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते बघायचं. तीनशे की तीन हजार एवढं तरी नक्की कळतं. आम्ही बांधावर उभं राहून असं मोजत होतो, तर माळ्यावर गोफण घेऊन उभे असलेले आजोबा ओरडले, "मोजताय काय पोराहो, हाकला की!" ज्याची ज्वारी जाते त्याचा राग खराच असतो. मुलांनी वहीत दोन्ही लिहिलं: आठशे भोरड्या कणसांवर, आणि पुढच्या शनिवारी नांगरलेल्या रानात नाकतोडे टिपणाऱ्या साठ भोरड्या.

आता शून्याबद्दल. नवीन माणसं हे हमखास सोडतात, म्हणून नीट सांगते. पाणंदीच्या टोकाला आमचं छोटं तळं आहे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सहावीतल्या मुलीनं लिहिलं: टिटवी ४, ढोकरी २, बदक ०. मी म्हटलं, जे दिसलं नाही ते कशाला लिहिलंस? ती म्हणाली, "मागच्या शनिवारी अकरा होती ना. मग आज गेली, हे कुठं लिहायचं?" बरोबर होतं तिचं. त्या शून्यामुळं आम्हाला कळलं की पाणी गुडघ्याच्या खाली गेलं आणि त्याच आठवड्यात बदकं उठली. पुढच्या वर्षी ती तारीख कधी येते हे आता सगळा वर्ग बघतो. रिकाम्या हातानं परत आलात त्या दिवसाचंही पान भरा. वेळ लिहा, जागा लिहा, खाली "काही दिसलं नाही" लिहा.

फोनवर कधी जायचं

दोन महिने वही चालल्यावर. आधी फोन दिला तर मुलं फोनकडं बघतात.

पक्ष्यांसाठी ईबर्ड वापरा, म्हणजे पक्ष्यांच्या याद्या जमा करणारं संकेतस्थळ आणि त्याचं ॲप. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेनं २००२ साली ते सुरू केलं. ते फुकट आहे आणि पक्ष्यांची नावं मराठीतही दिसतात. यादी भरून झाली की ते विचारतं, ओळखू आलेले सगळे पक्षी यात आहेत का? तिथं "हो" म्हणता यावं अशीच यादी करा. फक्त मोर आणि खंड्या लिहिले आणि कावळे-पारवे सोडले, तर अभ्यासकाला त्या यादीतून फारसं काही काढता येत नाही. यादी पूर्ण असली की जे त्यात नाही ते दिसलं नव्हतं असं धरता येतं. त्या मुलीचं शून्य इथं असं पोचतं. ओळखायला मदत म्हणून मर्लिन हे त्याच मंडळींचं ॲप आहे, आवाजावरूनही नाव सुचवतं. पण ते सुचवतं, एवढंच. पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतःला खात्री असल्याशिवाय यादीत घालू नका.

माझ्याकडून एकदा शिक्रा ससाणा म्हणून गेला. चार दिवसांनी ईबर्डच्या तपासनीसाची मेल आली, हा पक्षी कसा ओळखलात, फोटो आहे का, अशी अगदी नम्रपणे. मला आधी ओशाळल्यासारखं झालं. मग वर्गात फळ्यावर दोन्ही पक्ष्यांचे पंख काढून दाखवले. ससाण्याचे पंख लांब, टोकदार. शिक्र्याचे आखूड, गोलसर. नोंद दुरुस्त केली. मुलांनी त्या दिवशी शिक्रा जो शिकला तो पक्का. नोंदी तपासणारी ही माणसं आपल्यासारखीच स्वयंसेवक असतात. त्यांच्या मेलला उत्तर द्या.

किडे, फुलपाखरं, रानफुलं, सरडे यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट हे ॲप चांगलं. फोटो, तारीख आणि जागा टाकली की जगभरातले जाणकार नाव सुचवतात. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचं एकमत झालं की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. कुंडीतली आणि लावलेली झाडं "लागवड केलेली" म्हणून वेगळी दाखवावी लागतात. नवीन मुलं जास्वंदाचे फोटो टाकतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

तेरा वर्षांखालच्या मुलांची खाती उघडू नका, शिक्षकानं आपल्या खात्यावरून नोंद करावी. फोटोत मुलांचे चेहरे नकोत. आणि घरट्याची नेमकी जागा कुठंही जाहीर करू नका, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

दुर्बीण पहिल्या वर्षी लागत नाही. पुढं लोकवर्गणी झालीच तर आठ बाय चाळीस किंवा आठ बाय बेचाळीस मापाची घ्या. आठपटीहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण मुलांच्या हातात थरथरते.

पाऊस आणि विहीर

गावातल्या मोठ्या माणसांना यात ओढायचं असेल तर पक्ष्यांपेक्षा पाऊस लवकर काम करतो. आपल्याकडं एका शिवारात ओढा भरून वाहतो आणि पलीकडच्या वाडीत धूळ उडते. महसूल मंडळाच्या ठिकाणच्या सरकारी पर्जन्यमापकावर आपल्या गावचा पाऊस कळेलच असं नाही.

तळापासून वरपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा प्लास्टिकचा डबा घ्या. झाडं-छपरापासून लांब, मोकळ्यावर, वाऱ्यानं लवंडणार नाही असा विटांत बसवा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीनं पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा, डबा रिकामा करा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही सकाळी साडेआठलाच बदलतो, म्हणून हीच वेळ धरा. पाऊस झाला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. सुट्टीच्या दिवसांची पाळी आधीच लावून ठेवा. आमच्या पहिल्या वर्षाच्या वहीत सगळे रविवार कोरे आहेत आणि नेमका एका रविवारी मोठा पाऊस झाला होता.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सहा बाय आठ मीटरच्या वर्गाच्या छतावर वीस मिलिमीटर पडला तर ९६० लिटर. हे गणित मुलं घरी जाऊन सांगतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस पाहिलेले बाप हे आकडे लक्ष देऊन ऐकतात. फक्त एक सांभाळा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा विषय निघतो. शाळेच्या डब्याचा आकडा सरकारी कागदाला चालत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. नाहीतर लोक मुलांवर आकडा वाढवायचा दबाव आणतात.

विहिरीच्या पाण्याची पातळी महिन्यातून दोनदा, ठरल्या तारखेला मोजा. दर मीटरला गाठ मारलेली दोरी, टोकाला वजन, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. पंप चालू असताना मोजू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या चोवीस नोंदी त्याहून बारीक चित्र देतात. काठावर मोठ्या माणसानंच जायचं, मुलांनी लांबून आकडा ऐकून लिहायचा. यात सूट नाही.

झाडांचं थोडक्यात. प्रत्येक मुलानं एक झाड दत्तक घ्यावं, आठवड्यातून एकदा पालवी, फुलं, फळं नाहीत, थोडी आहेत की भरपूर, एवढंच लिहावं. सीझनवॉच नावाचा देशभराचा उपक्रम २०१० पासून याच नोंदी गोळा करतो. पळस, चिंच, कडुनिंब, बहावा, आंबा यांपासून सुरू करा.

ऊसतोडीला जाणारी मुलं

आमच्या भागातला हा प्रश्न कुठल्या पुस्तिकेत सापडत नाही. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आई-बापांबरोबर कारखान्याला जातो. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. पक्ष्यांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. पहिल्या वर्षी मी जाणाऱ्या मुलांच्या वह्या जमा करून कपाटात ठेवल्या. ती चूक होती.

आता वही बरोबर देते. फडाचं गाव, तारीख, काय दिसलं. लिहिण्याची सक्ती नाही. गेल्या मार्चमध्ये पाचवीतल्या एका मुलानं परत आणलेल्या वहीच्या बावीस पानांवर नोंदी होत्या. गायबगळे उसाच्या तोडीमागं कसे चालतात, पेटवलेल्या पाचटाच्या धुराभोवती कोतवाल किती जमतात, रात्री कोपीबाहेर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीबाहेर, पिंगळा कुठं बसतो. एका पानावर पक्षी नव्हता. फडात सापडलेली रानमांजराची पिल्लं त्या मुलाच्या आईनं परत त्याच सरीत ठेवली आणि ती सरी दुसऱ्या दिवशी तोडली, असं लिहिलं होतं. ती वही वर्गात मोठ्यानं वाचली. गावात राहिलेल्या मुलांची वही त्यापुढं फिकी होती, आणि हे त्यांनीच सांगितलं.

जपायचं काय

नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. बूट, काठीनं वाट चाचपडणं, दगड न उलथणं, बिळात हात न घालणं. साप चावला तर मांत्रिक नाही, १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली गट नेऊ नका. मार्चनंतर नऊच्या आत परत या. घरट्याजवळ जायचं नाही, पक्ष्याला बोलवायला फोनवर त्याचा आवाज वाजवायचा नाही, अंडी-घरटी-पिसं गोळा करायची नाहीत. पालकांकडून लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या.

वर्षातले धरून ठेवायचे दिवस

सप्टेंबरात देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना असतो, तेव्हा आपलं रानही फुललेलं असतं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह: ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख सालिम अलींचा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. जवळच्या धरणावर अनुभवी लोक मोजायला येत असतील तर दोन मोठ्या मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर उभं राहा. फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतल्या पक्ष्यांची गणना, भारत त्यात २०१३ पासून आहे. पंधरा मिनिटांची यादीही चालते. हे दिवस उत्साहासाठी चांगले, पण बाकीचे शनिवार बुडवून फक्त हेच साजरे करू नका.

गावाला परत काय द्यायचं

मुलांनी गोळा केलेलं नुसतं वर ॲपमध्ये गेलं आणि गावात कुणाला कळलंच नाही, तर दुसऱ्या वर्षी पालक विचारतात, याचा उपयोग काय? २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि मुलांनाच वाचू द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामसेवकांकडं ती बघायला मागा. आजीनं सांगितलेली नावं, माळावरचं गवत, आटलेले झरे, हे त्यात लिहिण्याजोगंच आहे. मेंढपाळ, तळ्यावर जाळं टाकणारे भोई यांना वर्गात पाहुणे म्हणून बोलवा. त्यांना तारखा विचारू नका, सण विचारा. "पोळ्याच्या आधी की नंतर? येळवशीला (वेळ अमावास्येला) दिसला होता का?" असं विचारलं की वीस वर्षांपूर्वीचंही आठवतं, आणि दिनदर्शिका बघून तारीख आपल्याला काढता येते.

आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा लावलाय. महिन्याचा पाऊस, विहिरीची पातळी, या आठवड्यात नवीन काय दिसलं. खाली मोकळी जागा ठेवलीय, कुणीही लिहावं म्हणून. पहिले दोन महिने तिथं कुणी काही लिहिलं नाही. मग एके दिवशी गोफणवाले आजोबा चष्मा सावरत फळ्यासमोर उभे राहिले. फळ्यावर होतं: भोरड्या, पहिली नोंद २२ नोव्हेंबर. "खोटं आहे हे," ते म्हणाले, "दसऱ्याला सोनं वाटून आलो तवाच माझ्या बाभळीवर बसल्या होत्या. पन्नासेक असतील." सातवीतल्या पोरानं विचारलं, "आजोबा, पन्नास की पन्नासेक?" त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ बोटं मोडली आणि म्हणाले, "खडू दे इकडं."